लाल वाइन आणि ताजा बांगडा

नाताळच्या सुट्ट्या जवळ आल्या की नाशिकमधली ओळखीची माणसे मला फोन करतात. गाडी ठरलेली असते, खोल्या घेतलेल्या असतात. प्रश्न एवढाच उरलेला असतो की दक्षिण कोकणातल्या त्या किनाऱ्याच्या गावी जेवायचे कुठे आणि प्यायचे काय. मी त्यांना एक पान पाठवते. चार वर्षांपूर्वी ते मी प्रयोगवहीत लिहितात तसे, निरीक्षण आणि निष्कर्ष अशा दोन रकान्यांत लिहिले आणि त्यात आजवर फारसा बदल करावा लागलेला नाही. सकाळी एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर घावणे, पण दहाच्या आत, कारण त्यानंतर चटणीतले ओले खोबरे उन्हाने उतरू लागते. बर्फ घातलेले काहीही पिऊ नये. कोकम सरबत हवे असेल तर देवळामागच्या त्या घरी जावे, जिथे आमसुले अंगणात वाळत घातलेली दिसतात. माडी प्यायचीच असेल तर ऊन चढण्याआधी. झाडावरून उतरल्या क्षणापासून ती आंबू लागते आणि दुपारपर्यंत तिच्यात गोडवा उरत नाही. वाळूवर रंगीत छत्र्या लावलेल्या हॉटेलांत बसायला हरकत नाही. तिथला समुद्र चांगला आहे, तेल चांगले नाही.

आणि दुपारचे जेवण एकाच ठिकाणी: जेटीच्या मागे, सात टेबलांची, पाटी नसलेली खानावळ. माझ्या पानावर ती सगळ्यात वर आहे. तिथून परतलेली माणसे मला पुन्हा फोन करतात, या वेळी आभार मानायला. त्या खानावळीत मला स्वतःला मासा वाढला जात नाही, हे मी त्यांना सांगत नाही. त्यामागे एक सूड आहे. तो मी घेतला, ठरवल्याप्रमाणे घेतला, आणि घेतल्याचा पश्चात्ताप मला आजही होत नाही. होतो तो त्याच्या मांडणीत राहून गेलेल्या एका चुकीचा.

जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करून मी विंचूरच्या बाजूच्या एका वाइनरीच्या प्रयोगशाळेत लागले. घर सायखेड्याला, वडिलांची द्राक्षबाग, त्यामुळे द्राक्ष मला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. आमचे मालक स्वतः बागाईतदार होते. सगळे त्यांना भाऊ म्हणत. शिक्षण फारसे नव्हते, पण मणी चाखून साखर सांगत आणि मी मोजल्यावर त्यांचा अंदाज क्वचितच चुकलेला निघे. त्यांच्या खालोखाल उत्पादनप्रमुख होते, ज्यांना आम्ही सर म्हणत असू. सरांनी परदेशात काही महिने शिक्षण घेतले होते आणि पाहुण्यांसमोर ग्लास नाकाशी नेऊन डोळे मिटण्याची त्यांची एक पद्धत होती. त्या पद्धतीवर वाइनरीत कोणी शंका घेत नसे. मीही दोन वर्षे घेतली नाही.

त्या वर्षीच्या हंगामात द्राक्षे चिरडण्याच्या यंत्राचा हॉपर, म्हणजे ज्यात क्रेटमधले घड ओततात ते मोठे तसराळे, एका बाजूने फाटला. यंत्र स्टेनलेस स्टीलचे असते. त्याला स्टीलचाच पत्रा लावावा लागतो. तो मिळायला चार दिवस लागणार होते आणि बाहेर द्राक्षांचे ट्रॅक्टर उभे होते. सरांनी गावातल्या वेल्डरकडून साध्या लोखंडी पत्र्याचे ठिगळ मारून घेतले. द्राक्षाचा रस आंबट असतो आणि आंबट रस लोखंड खातो, हे शाळेत शिकवतात. पुढचे सगळे दिवस लाल वाइनची एक आख्खी बॅच त्या ठिगळावरून वाहत गेली.

ऑक्टोबरमध्ये त्या बॅचचे अंतिम परीक्षण माझ्याकडे आले. लोह नेहमीपेक्षा बरेच जास्त होते. आरोग्याला त्याने काही होत नाही. नुसती प्यायली तर वाइन चांगली लागत होती, किंबहुना त्या वर्षीची आमची सर्वांत चांगली वाइन तीच होती. अडचण एकाच ठिकाणी होती. वाइनमधले लोह माशाच्या तेलाशी भेटले की तोंडातल्या तोंडात त्या तेलाचा वास बदलतो. कालच्या, उन्हात राहिलेल्या मासळीसारखा होतो. मासा जितका तेलकट, तितका हा वास अधिक. म्हणून अहवालाच्या शेवटी मी तीन वाक्ये लिहिली: "या बॅचमध्ये लोहाचे प्रमाण जास्त आहे, हॉपरची दुरुस्ती तपासावी. ही वाइन मासळीसोबत देऊ नये. दिल्यास ताजा मासासुद्धा शिळा लागेल." खाली सही आणि तारीख.

दोन दिवसांनी अहवाल भाऊंकडे गेला तेव्हा त्यात ती वाक्ये नव्हती. माझी सहीही नव्हती. आकडे माझे होते, लोहाचा तेवढा वगळून, आणि खाली सरांची एकट्याची सही होती. मी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन विचारले. त्यांनी मला बसायला सांगितले नाही.

"लॅबचं काम आकडे देणं," ते म्हणाले. "कशासोबत काय जेवायचं हे लोकांना सांगणं नाही. ते कळायला जीभ लागते, आणि जीभ डिग्रीबरोबर मिळत नाही."

त्या क्षणी मला काय हवे आहे हे अगदी स्पष्ट झाले. बढती हवीच होती, पण ती नंतरची गोष्ट. मला हवे होते की ती तीन वाक्ये या माणसाने भाऊंसमोर, स्वतःच्या तोंडाने, मोठ्याने वाचावीत. मूळ प्रत मी छापून ठेवली होती. ती मी घरी, वडिलांच्या सातबाऱ्याच्या फायलीत ठेवली आणि वाट पाहू लागले. मला वाट पाहता येते. यीस्टबरोबर काम करणाऱ्या माणसाला ती सवय असतेच.

संधी सरांनीच आणून दिली. किनाऱ्यावरच्या हॉटेलांत आमची वाइन ठेवली जात नाही, हे भाऊंचे जुने दुखणे होते. सरांनी कल्पना मांडली की तिथेच एक मेजवानी द्यावी: पुण्या-नाशिकचे जे लोक कोकणात हॉटेले चालवतात त्यांना बोलवावे, स्थानिक जेवण वाढावे आणि सोबत आमची उत्तम लाल वाइन द्यावी. समुद्राकाठी सगळे पांढरी देतात, आपण लाल देऊ, लोक लक्षात ठेवतील. कोणती लाल, हे सांगायची गरज नव्हती. भाऊंना कल्पना आवडली. मग जेवण कुठून आणायचे हा प्रश्न निघाला. सरांनी माझ्याकडे पाहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले की लॅबच्या मुलीला पाठवू, तिला नाहीतरी जेवणाविषयी सल्ले द्यायची हौस आहे. टेबलाभोवती हसू फुटले. मी म्हणाले की तीन दिवस आधी जावे लागेल, आणि जे सगळ्यात ताजे असेल तेच निवडेन.

"ताजंच निवड," सर म्हणाले. मी तसेच केले. त्यांच्या आदेशाचा एक शब्दही मी मोडला नाही, हे मला नमूद करावेसे वाटते.

वर उल्लेख केलेले पान त्याच तीन दिवसांत तयार झाले. पहिल्या दिवशी मी छत्र्यांच्या रांगेतली पाच हॉटेले तपासली. तळणाच्या तेलाचा रंग पाहायचा, लिंबू सरबत बर्फाशिवाय मागायचे आणि ते आणताना वेटरचा चेहरा पाहायचा. एवढ्यावर बरेच कळते. दुसऱ्या दिवशी टपरीवाल्याला विचारले की तो स्वतः कुठे जेवतो. त्याने हनुवटीने जेटीकडे खूण केली.

ती खानावळ चालवणाऱ्या बाईंना सगळे काकी म्हणत. साठीच्या आसपासच्या, ठेंगण्या बांध्याच्या, मालवणी बोलणाऱ्या. त्यांची एक रीत होती. गिऱ्हाईक बसले की पाणी येण्याआधी त्या एक वेताची टोपली घेऊन टेबलापाशी येत, वरचे ओले फडके बाजूला करत आणि त्या दिवशीची मासळी समोर धरत. "आदी बघ, मगे जेव," त्या म्हणत. कोणी नुसती मान डोलावली तर टोपली हलत नसे. बोट लावून पाहावे लागे.

मी बांगड्याचे कल्ले उघडून पाहिले. आत रक्तासारखा लाल रंग, डोळा फुगीर, बोटाचा दाब सोडल्यावर मांस परत वर येत होते. काकींनी मला विचारले की घाटावरच्या मुलीला हे कोणी शिकवले. मी सांगितले की सायखेड्याला गोदावरीच्या पुलाखाली चिलापी विकायला बसत, आई कल्ले बघितल्याशिवाय घेत नसे. त्या दिवशी माझ्या ताटात तिरफळ घातलेल्या कढीत बांगड्याचे मधले दोन तुकडे आले, आणि सोलकढीची वाटी न मागता पुन्हा भरली गेली. तितके चांगले जेवण मी त्याआधी जेवले नव्हते. नंतरही नाही.

तिसऱ्या दिवशी मी त्यांना मेजवानीचे विचारले. त्यांनी नाही म्हटले. त्या बाहेर जाऊन रांधत नसत. शिवाय दारू असेल तिथे माशाची चव कोणाला कळते, असे त्यांचे म्हणणे होते. मी दोन तास बसले. मी सांगितले की आलेल्या प्रत्येकाला त्या आधी टोपली दाखवू शकतील, ही अट मी मालकांकडून लिहून घेईन. मी सांगितले की मला सबंध किनाऱ्यावर त्यांच्याइतका ताजा मासा कुठे मिळाला नाही. हे सगळे खरे होते. ते खरे असणे माझ्या योजनेसाठी आवश्यकच होते. शेवटी त्यांनी विचारले की काय काय करायचे. कोकणातल्या मासळीत ज्यांच्या अंगी सर्वांत जास्त तेल असते ती दोन नावे मी सांगितली: बांगडा आणि तारली.

मेजवानी ज्या रिसॉर्टवर होती तिथे माडांखाली लांब टेबल मांडले होते. बारा पाहुणे, सगळे घाटावरचे. वर भाऊ, सर आणि मी. मूळ अहवालाची प्रत माझ्या पर्समध्ये होती. काकींनी टोपली फिरवली. पाहुण्यांनी मोबाइलवर फोटो काढले, एकाने तारलीला बोट लावून ते लगेच रुमालाला पुसले. मग सरांनी उभे राहून वाइनविषयी पाच मिनिटे सांगितले, ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले. मी मनात त्या मिनिटाची नोंद केली. माझे गृहीतक असे होते: पहिल्या घासानंतर चेहरे बदलतील, कोणीतरी वाइनविषयी विचारेल, भाऊ प्रयोगशाळेकडे वळतील आणि मी पर्स उघडेन.

पहिला भाग बरोबर निघाला. तळलेल्या बांगड्याचा घास, त्यावर वाइनचा घोट, आणि टेबलावरचे बोलणे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे थांबत गेले. एकाने पाणी मागितले. दुसऱ्याने ताटाच्या कडेला काहीतरी हळूच काढून ठेवले. मग पुण्याचे एक हॉटेलवाले, बरेच सभ्य गृहस्थ, अवघडून म्हणाले, "मासा कालचा आहे का?"

आणि इथे माझी चूक उघडी पडली.

बारा माणसांनी एकाच वेळी दोन गोष्टी तोंडात घातल्या होत्या. एका गोष्टीला उंच दांड्याचा ग्लास होता, बाटलीवर सोनेरी अक्षरे होती आणि तिच्याविषयी आत्ताच कोणीतरी भाषण केले होते. दुसरी एका बाईने अंगणातल्या चुलीवर तळली होती. समुद्रापासून दूर, घाटावर वाढलेल्या माणसाला मासा म्हणजे मुळातच संशयित वस्तू. आमच्याकडे तो बर्फातून येतो आणि लोक नाक आधी वापरतात, जीभ नंतर. वाइनवर आळ घ्यावा असे त्या बारांपैकी एकाच्याही मनात आले नाही. कोणत्याही चाचणीत एक नियंत्रण नमुना ठेवायचा असतो, म्हणजे ज्याला काहीच केलेले नाही असा, तुलनेसाठी. इथे तो म्हणजे वाइनशिवाय खाल्लेला मासा. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही मी हे विसरू दिले नसते.

सरांनी संधी साधली. ते मोठ्या आवाजात म्हणाले की मासा शिळाच आहे, त्यांना पहिल्या घासालाच कळले. त्यांनी पाहुण्यांची माफी मागितली. जागा लॅबच्या मुलीने निवडली होती, असेही सांगितले. मग पुन्हा म्हणाले, शिळा. शेजारच्याला समजावून म्हणाले, शिळा. ताटे पुढे सरकू लागली.

मी गप्प बसले. दोन मिनिटे असतील, जास्त नाहीत. ती दोन मिनिटे भीतीची किंवा गोंधळाची होती असे मला लिहिता आले असते, पण ते खोटे ठरेल. मी मोजत होते. "ताजा मासासुद्धा शिळा लागेल" हे वाक्य माझ्या पर्समध्ये होते आणि सर तो शब्द स्वतःहून, साक्षीदारांसमोर, पुन्हा पुन्हा उच्चारत होते. प्रत्येक वेळी ते कागदाच्या एक पाऊल जवळ येत होते. मला ते थांबवायचे नव्हते. सातव्या वेळेनंतर मी उठले. वळताना दिसले की काकी चुलीपाशी झारा हातात धरून उभ्या आहेत आणि माझ्याकडे पाहत आहेत. सरांकडे त्यांचे लक्ष नव्हते.

मी भाऊंपाशी गेले आणि म्हणाले की मला एक छोटी चाचणी करायची आहे, दहा मिनिटे लागतील. भाऊंना चाचण्या आवडत. मी काकींना टोपलीतला एक बांगडा घेऊन सगळ्यांसमोर त्याचे तुकडे करायला आणि एकाच तव्यावर तळायला सांगितले. त्यांनी ते केले. भाऊंनी खिशातला रुमाल काढून स्वतःच डोळ्यांवर बांधला. तीन तुकडे, क्रम फक्त मला ठाऊक: एकाआधी पाण्याचा घोट, एकाआधी आमच्या पांढऱ्या वाइनचा, एकाआधी लाल वाइनचा. मी त्यांना सांगितले की वाइनचा विचार करू नका, फक्त मासा सांगा.

"दुसरा शिळा हे," भाऊ म्हणाले. "बाकीचे लय चांगले हेत."

एकदा बरोबर येणे हा योगायोग असू शकतो, म्हणून मी क्रम बदलून पुन्हा केले. या वेळी त्यांनी पहिला सांगितला. दोन्ही वेळा तो लाल वाइननंतरचा तुकडा होता. भाऊंनी रुमाल सोडला. समोर ताटात डोके आणि शेपूट शिल्लक होती. काकींनी ते ताट उचलून त्यांच्यापुढे धरले.

"एकच मासो," त्या म्हणाल्या.

मग मी पर्समधून कागद काढला. तो भाऊंच्या हातात देणे सोपे झाले असते. मी टेबलाला वळसा घालून सरांपाशी गेले.

"सर, शेवटचा परिच्छेद. मोठ्याने वाचाल का?"

त्यांनी कागदाकडे पाहिले आणि म्हणाले की हा मसुदा आहे, यात नंतर सुधारणा झाल्या. ते भाऊंकडे पाहून हसले. भाऊ हसले नाहीत.

"मसुदा असू द्या नायतर काय बी. काय लिहिलंय ते वाचा की, सर."

त्यांनी वाचले. सुरुवात पाहुण्यांना वाइन समजावतानाच्या आवाजात झाली. हॉपरपर्यंत आवाज टिकला, मासळीपाशी खाली आला आणि शेवटचे वाक्य त्यांनी गिळले. भाऊ म्हणाले की ऐकू आले नाही, परत वाचा. त्यांनी परत वाचले. माडांमधून वारा येत होता, कागदाचे टोक थरथरत होते, आणि मला आयुष्यात कुठल्या पदार्थाची चव इतकी बारकाईने घेतल्याचे आठवत नाही. मी डोळेसुद्धा मिटले नाहीत.

पुढचे सांगायला फार नाही. लाल बाटल्या उचलल्या गेल्या, पांढरी आली, काकींची सोलकढी आली, सरकवलेली ताटे परत ओढली गेली. त्या पुणेकर गृहस्थांनी तीन तारल्या जास्तीच्या मागून घेतल्या. काकींची माफी मात्र कोणीही मागितली नाही. माफी मागायची ती आमच्याकडे यजमानाची, रांधणाऱ्याची नव्हे.

जेवणे आटोपल्यावर मी काकींकडे गेले. त्या राखेने कढई घासत होत्या. मला वाटले होते की त्या काहीतरी बरे बोलतील; मी सगळ्यांसमोर त्यांचा मासा निर्दोष ठरवला होता, आकड्यांनिशी म्हणता येईल इतक्या स्पष्टपणे.

"त्या कागदार तारीख खयची आसा?" त्यांनी विचारले.

मी सांगितले, ऑक्टोबरची.

"म्हणजे तुका म्हायत होता."

मी म्हणाले की हो, पण मी सिद्ध करून दाखवले ना.

"माझ्या माशाक शिळो म्हटल्यानी तेव्हा तू बसान होतंस," त्या म्हणाल्या. हात थांबला नव्हता. "मी बघी होतंय."

 

पुढच्या हंगामाआधी सर वाइनरीतून गेले. जाताना त्यांना प्रत्येक विभागाची सही लागत होती, प्रयोगशाळेचीही. मी काचसामानाची यादी काढली आणि त्यांच्या नावावरचे तीन पिपेट सापडेपर्यंत सही थांबवली. ते दोन वेळा येऊन गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा मी त्यांना बसायला सांगितले नाही. पिपेट माझ्याच कपाटात होते. हॉपरचे ते लोखंडी ठिगळ मी वेल्डरकडून कापून घेतले, आणि आज उत्पादनप्रमुखाच्या टेबलावर, म्हणजे माझ्या टेबलावर, कागद उडू नयेत म्हणून तेच ठेवलेले असते. पाहुण्यांनी विचारले तर मी त्याची गोष्ट सांगते. त्या बॅचच्या बाटल्यांवर आम्ही नवीन लेबल लावले: मटणासोबत द्यावी. ती बॅच आमच्या नेहमीच्या बॅचेसपेक्षा लवकर संपली.

दुसऱ्या वर्षी डिसेंबरमध्ये मी त्या गावी गेले, एकटीच, सुट्टी काढून. खानावळीत बसले. काकींनी मला ओळखले. पाणी त्यांनी स्वतः आणून ठेवले. मग टोपली घेऊन त्या निघाल्या. पहिल्या टेबलावर फडके बाजूला झाले, कोणीतरी बोट लावून पाहिले, काकी खूश होऊन काहीतरी बोलल्या. दुसऱ्या टेबलावर तसेच. माझ्यापाशी आल्यावर फडके जागचे हलले नाही.

"मासे संपले," त्या म्हणाल्या, आणि टोपली घेऊन माझ्या मागच्या टेबलाकडे गेल्या.

माझ्यापुढे भात, डाळीची आमटी, एक भाजी, पापड आणि लोणचे आले. सगळे गरम, सगळे नीट वाढलेले. सोलकढीची वाटी रिकामी झाली तेव्हा पुन्हा भरली गेली. आत तव्यावर तारली चरचरत होती. तो आवाज मी न पाहता ओळखू शकते. पाणी आणि तेल एकत्र आले की असा आवाज होतो, आणि मासा ताजा असेल तर तो थोडा जास्त वेळ टिकतो.

त्यानंतर मी दर वर्षी जाते. आता तीनदा झाले. मी ज्यांना पान देऊन पाठवते त्यांना कोणी पाठवले हे काकी विचारतात, आणि माझे नाव निघाले की त्यांना बांगड्याचे मधले तुकडे मिळतात. हे मला तिथून परतलेल्यांकडूनच कळले आहे. म्हणजे राग पानावर नाही, माझ्या शिफारशीवर नाही. तो मोजून, नेमक्या जागी ठेवलेला आहे, आणि त्या दोन मिनिटांच्या पलीकडे त्याची एक रेघही जात नाही. सरांना मी तीन पिपेटांसाठी तीन फेऱ्या मारायला लावल्या तेव्हा मला इतका नेमकेपणा साधला नव्हता.

मागच्या डिसेंबरमध्ये मी धीर करून विचारले की काकी, अजून किती वर्षे. त्या माझ्या ताटाकडे पाहत होत्या. भात संपत आला होता.

"आमटी वाढू?" त्यांनी विचारले.

मी हो म्हणाले.